टर्कीच्या पिल्लांसाठी लसीचा वार ठरवून द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

शेतीच्या पानावर टर्कीपालनाबद्दल काही छापून आले की त्यात मोठ्या शेडचा फोटो असतो आणि खाली लाखांतला नफा. गेल्या पंधरवड्यातही तसा लेख आला. दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतली दोन पोरं घरी आली. "काकू, पन्नास पिल्लांनी सुरुवात करू की शंभरांनी?" मी त्यांना म्हटलं, दहांनी करा, आणि विकायच्या हिशेबाने नको, घरी खायच्या हिशेबाने करा. त्यांना तासभर बसवून जे सांगितले ते आपल्या वाचकांपर्यंतही जावे, म्हणून हे पत्र. शेवटी पशुसंवर्धन खात्याकडे एक मागणीही आहे.

मी नाशिक तालुक्यातल्या पळसे गावची. आमचे मिस्टर नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले, तेव्हापासून आम्ही गावातच राहतो. घरामागे आठ गुंठे जागा आहे, पलीकडे उसाचे वावर आणि त्याच्या पलीकडे दारणा नदी. घरात कोंबड्या सासूबाईंच्या काळापासून आहेत. टर्की मात्र मी २०१८ साली पहिल्यांदा आणल्या. भावाच्या मळ्यावर पाहिल्या होत्या आणि त्याच्याकडे खाल्ल्याही होत्या. दहा पिल्ले, आठ दिवसांची, मे महिन्यात आणली.

त्यातली तीन पहिल्या चार दिवसांत गेली. समोर खाद्य होते, पाणी होते, वर बल्ब होता. मेलेल्या पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी चाचपून पाहिली तर रिकामी. भरल्या ताटापुढे उपाशी मेली. मला ते फार लागले, कारण कोंबडीच्या पिल्लाबाबत असे कधी पाहिले नव्हते. कोंबडीचे पिल्लू अंड्यातून निघाले की दुसऱ्या दिवशी उकिरडा उकरायला लागते. टर्कीच्या पिल्लाला मात्र सुरुवातीला नीट दिसत नाही, ते घाबरट असते, आणि दाणा कोणता, पाणी कुठे, हे त्याला दाखवावे लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर उपाय सांगितला: पाण्याच्या भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाका. नातवाच्या गोट्या धुऊन टाकल्या. चकाकते म्हणून पिल्लू चोच मारते, चोच ओली होते, पाणी कळते. खाद्यावर कोथिंबीर किंवा लसूणघास बारीक चिरून भुरभुरायचा, हिरवे दिसले की टोचते. पहिले पंधरा दिवस दहा पिल्लांमागे एक उकडलेले अंडे कुस्करून द्यायचे आणि लिटरभर पाण्यात शंभर मिली दूध घालायचे. जे पिल्लू कोपऱ्यात मान टाकून बसले आहे त्याला हातात घेऊन चोचीत घालायचे. घरात म्हातारे माणूस असेल तर हे काम त्यांच्याइतके कोणी नीट करत नाही. आमच्याकडे सासूबाईंनीच ते केले, मांडीवर फडके टाकून, एकेक पिल्लू घेऊन.

खाद्याचीही चूक झाली होती. मी कोंबडीच्या पिल्लांचेच खाद्य घालत होते. त्यात प्रथिने वीस-बावीस टक्के असतात आणि टर्कीच्या पिल्लाला पहिला महिना अठ्ठावीसच्या आसपास लागतात. ती कमी पडली की पाय वाकडे होतात, पिसे येत नाहीत. आता मी त्याच खाद्यात शेंगदाण्याची पेंड आणि भाजून दळलेली सुकट मिसळते. पेंड मात्र ताजी हवी. बुरशी धरलेली पेंड टर्कीला विषासारखी आहे, कोंबडीपेक्षा तिला ती लवकर बाधते.

यापुढची चूक मोठी आहे, आणि ती मी आजही गावोगाव होताना पाहते. उरलेली सात पिल्ले दोन महिन्यांची झाली. पाऊस सुरू झाला होता, अंगणात हिरवळ होती. मी ती कोंबड्यांच्या जुन्या वाड्यात सोडली. सगळ्यांचा चारा एकत्र, रात्री निवारा एकत्र. तीन आठवडे काही नाही. मग एक नर पंख ढिले टाकून उभा राहायला लागला. विष्ठा पिवळी, गंधकासारखी पिवळीधमक. दुसऱ्या दिवशी तो गेला. दहा-बारा दिवसांत पाच गेली. त्याच वाड्यातल्या कोंबड्यांना मात्र काहीही झाले नाही.

मिस्टर म्हणाले, खड्डा करून पुरून टाक, बोभाटा नको. मला पटले नाही. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला बर्ड फ्लू निघाला होता. देशातला तो पहिलाच. गावे बंद झाली, कोंबड्या पोत्यांनी पुरल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. पक्षी धडाधड मरत असतील तर दवाखान्याला कळवलेच पाहिजे. मी मेलेला पक्षी दुहेरी पिशवीत बांधून नेला. डॉक्टरांनी तो उघडला आणि मला बोलावून दाखवले. कलेजीवर रुपयाच्या नाण्यासारखे गोल, मधे खोलगट डाग. आतड्याच्या शेवटाला ज्या दोन बंद पिशव्या असतात त्या सुजून घट्ट झालेल्या. ते म्हणाले, "बर्ड फ्लू नाही हा. याला ब्लॅकहेड म्हणतात. कोंबड्यांबरोबर ठेवल्या होत्या ना?"

हा रोग अतिसूक्ष्म जंतूचा आहे. कोंबडीच्या त्या पिशव्यांत एक बारीक कृमी असतो, त्याच्या अंड्यांत हा जंतू लपतो. कोंबडीला सहसा त्रास होत नाही, पण ती विष्ठेतून ती अंडी मातीत टाकत राहते आणि मातीत ती वर्षानुवर्षे टिकतात. गांडूळ ती माती खाते, टर्की गांडूळ खाते, की झाले. पावसात गांडुळे वर येतात, म्हणून आमच्याकडे रोग आषाढातच उठला. खात्रीचे औषध यावर नाही. म्हणून टर्कीची जागा कोंबड्यांपासून निराळी, आणि जिथे पूर्वी कोंबड्या फिरल्या ती जमीनही नको. आमच्याकडे आता कोंबड्या घराच्या पूर्वेला आणि टर्की पश्चिमेला, मधे घर. टर्कीकडे जाताना चपला वेगळ्या, पाटीही वेगळी. आठ गुंठ्यांत जमते, म्हणजे बहुतेकांना जमेल. ज्याला दोन्ही वेगळे ठेवता येत नाहीत त्याने एकच पाळावे. नफ्याच्या लेखात ही एक ओळ जरी असती, तरी किती घरांतले पक्षी वाचले असते.

दुसऱ्या वर्षी वेगळीच अडचण. पिल्ले मार्गशीर्षात आणली. निफाडचा पारा दर थंडीत पेपरात पहिल्या पानावर येतो, आणि दारणाकाठही काही ऊबदार नाही. पिल्लांना पहिल्या आठवड्यात पस्तीस अंशांची ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचे. बल्ब होता, पण पहाटे वीज गेली. सकाळी पाहिले तर सगळी एका कोपऱ्यात एकावर एक चढलेली, खालची चार गुदमरलेली. तेव्हापासून दोन गोष्टी ठरल्या. एक, पिल्ले महाशिवरात्रीनंतरच आणायची. आपल्याकडे म्हणतात ना, त्या दिवशी थंडी शिव शिव करत जाते. दोन, कोपरा ठेवायचाच नाही. जुन्या कूलरच्या पुठ्ठ्याचे गोल कडे करायचे, आत घोटीच्या राइस मिलमधले भाताचे तूस चार बोटे पसरायचे आणि वर पहिले चार दिवस गोणपाट घालायचे, नाहीतर ती तूसच खातात. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवायच्या. हे सगळे दीड महिना. तो निभला की टर्कीइतका चिवट पक्षी नाही. उन्हातान्हात फिरते, नाकतोडे वेचते, घास, शेवग्याचा पाला, कोबीची पाने, काहीही खाते. मोठ्या पक्ष्याचे निम्मे पोट हिरव्या चाऱ्यावर भरते.

द्राक्षबाग असणाऱ्या शेतकऱ्यांना मात्र हात जोडून सांगते, बागेत टर्की सोडू नका. गवत खाईल, किडे वेचेल हे खरे. पण आपल्या बागांवर फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर किती फवारण्या होतात ते आपल्यालाच माहीत आहे. ते गवत खाल्लेला पक्षी आपण पोराबाळांना वाढणार असतो. तसेच आजारी पक्ष्याला औषध दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस गेल्याशिवाय तो कापायचा नाही. घरचे खायचे ते याचसाठी ना, की त्याच्या पोटात काय गेले ते आपल्याला ठाऊक असते?

रात्रीचा निवारा पक्का हवा. टर्कीला उंच दांड्यावर बसून झोपायची सवय, उघड्यावर ठेवली तर ती झाडावर जाऊन बसते. आमच्या उसात बिबट्या आहे. दारणाकाठच्या गावांनी त्याच्यापायी माणसे गमावली आहेत, तेव्हा हे मी सहज लिहीत नाही. खुराड्याला वरूनही जाळी, दाराला कडी, आणि दिवेलागणीच्या आत पक्षी आत. खाद्य सांडू द्यायचे नाही, त्याने उंदीर येतात, उंदरांमागे साप. मेलेले पक्षी उसात फेकणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करणे म्हणजे बिबट्याला वस्तीवर बोलावणे आहे.

सुरुवातीला गावात चर्चा झाली, हिने मोर पाळलाय, फॉरेस्टवाले येतील. नर पिसारा फुलवतो आणि गुडगुड आवाज करत गोल फिरतो, त्यामुळे लोकांचा समज तसा होतो. मोर पाळणे गुन्हा आहेच. टर्की मात्र कोंबडीसारखाच पाळीव पक्षी आहे, मूळचा अमेरिका खंडातला. तो स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला. आपल्या देशातही तो नवा नाही. १६१२ साली गोव्याहून जहांगीर बादशहाकडे एक टर्की आली होती. तिच्या डोक्या-मानेचा रंग घडीत पोवळ्यासारखा, घडीत कापसासारखा होतो, याचे त्याला इतके नवल वाटले की त्याने ते लिहून ठेवले आणि मन्सूर नावाच्या चित्रकाराकडून तिचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या संग्रहालयात आहे. माझ्या नातवाला ही गोष्ट सांगितल्यापासून तो नराच्या मानेकडे तासन्‌तास पाहत बसतो. खरोखरच रंग बदलतो. राग आला की लाल, घाबरला की फिकट.

आता हिशेब. हा मी वहीत लिहिते. मागच्या खेपेला बारा पिल्ले, २०० रुपयांप्रमाणे २४०० रुपये. विकतचे खाद्य १७० किलो, ६८०० रुपये. तूस, बल्ब, लस, औषध मिळून १००० रुपये. एकूण १०,२००. बारातले नऊ पक्षी ताटापर्यंत आले, पाच नर, चार माद्या. नराचे साफ केलेले मांस पाच किलोच्या आसपास, मादीचे सव्वातीन. म्हणजे ३८ किलो, किलोला २७० रुपयांच्या जवळ. यात माझे कष्ट धरलेले नाहीत आणि घास घरचा आहे. मटणाच्या निम्म्याहून कमी, गावरान कोंबडीपेक्षा स्वस्त, पण ब्रॉयलरपेक्षा स्वस्त मुळीच नाही. हे स्पष्ट सांगायला हवे. घरच्यासाठी हा हिशेब मला परवडतो. विकायला गेले तर परवडेल का? नाशिकमध्ये टर्की रोज कोण मागतो? नाताळच्या आठवड्यात दोन-चार हॉटेलवाले विचारतात, बाकी वर्षभर कोणी नाही. "पिल्ले आमच्याकडून घ्या, मोठे पक्षी आम्हीच परत घेऊ" असे सांगणारे येतात, त्यांच्यापासून तर लांबच राहा. माझ्या मावसभावाने पैसे भरले, पक्षी तयार झाले तेव्हा फोन बंद. इमूच्या वेळी हेच झाले. २०१९ मध्ये सांगलीकडे कडकनाथच्या नावाखाली हेच झाले. दरवेळी पक्षी बदलतो.

म्हणून मी घरच्या ताटाचे म्हणते. आमच्या गल्लीत आम्ही चार घरे आहोत. नर मोठा असतो, एका घराला एका वेळी तो संपत नाही, आणि शिळे ठेवून खाण्यात मजा नाही. म्हणून आम्ही वाटे घालतो, जसे बोकडाचे घालतात. एका रविवारी आमचा नर, पुढच्या रविवारी समोरच्यांचा. महाशिवरात्रीनंतर आणलेली पिल्ले आखाडात बरोबर कापायला येतात, पाचेक महिने भरलेले असतात. श्रावण लागायच्या आत नर संपतात. माद्या दसरा झाल्यावर. अमेरिकेत बेल्ट्सव्हिल नावाच्या ठिकाणी सरकारी संशोधकांनी खास लहान कुटुंबासाठी लहान पांढरी टर्की तयार केली होती, तिचा वाण आपल्याकडेही आला आहे. बरेलीजवळ इज्जतनगरला केंद्रीय पक्षी संशोधन संस्था आहे, तिथेही टर्कीवर काम होते. घरासाठी असे मध्यम वाण बरे. भारी छातीचे जे वाण मोठ्या शेडसाठी केले आहेत त्यांना फिरता येत नाही, पायच साथ देत नाहीत.

कापायच्या आदल्या रात्रीपासून खाद्य बंद, पाणी चालू. पिसे काढायला पाणी उकळते नको, हात क्षणभर लावता येणार नाही इतपत कढत पुरे, नाहीतर कातडी फाटते. नराच्या पायाच्या खालच्या नळीत सुयांसारख्या टणक शिरा असतात, त्या पकडीने ओढून काढाव्यात. मुलांच्या दातात रुतल्या तर त्यांना पुन्हा टर्की नको होते. मग चूल. मांड्या आणि पाठ रश्शाला: कांदा-खोबरे निखाऱ्यावर भाजून, घरचा काळा मसाला, आणि तासाच्या वर शिजवणे. मान आणि हाडांचा अळणी रस्सा सासूबाईंसाठी. छातीचे मांस मात्र वेगळे ठेवायचे. ते पांढरे असते, चरबी जवळजवळ नाही, रश्शात टाकले की लाकूड होते. त्याचे बारीक तुकडे दही-हळद-लसणात दोन तास ठेवायचे आणि लोखंडी कढईत मोठ्या जाळावर काही मिनिटांत उतरवायचे. बाजरीची भाकरी, ठेचा. जी माणसे "टर्कीला चवच नाही" म्हणतात त्यांनी एकाच पातेल्यात सगळा पक्षी शिजवलेला असतो, असा माझा अनुभव आहे.

आता मागणी. मानमोडी (राणीखेत) आणि देवी या दोन रोगांवर लस आहे आणि ती टर्कीलाही द्यावी लागते. मानमोडीचा थेंब पहिल्या आठवड्यात डोळ्यात, देवीची लस चार-पाच आठवड्यांनी पंखाच्या पातळ कातडीत. लस महाग नाही. पण तिची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते. एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि येईपर्यंत बर्फात हवी. बारा पिल्लांसाठी ती फोडायला कोण तयार होणार? दवाखान्यात गेले की "शंभर पक्षी गोळा करून आणा" म्हणतात. त्यात डॉक्टरांची चूक आहे असे मी म्हणत नाही, त्यांच्याकडे आसपासच्या कितीतरी गावांची गुरे असतात. गेल्या वर्षी मी स्वतः गल्लोगल्ली फिरून १४० कोंबड्या आणि टर्की लिहून काढल्या, एक दिवस ठरवला, थर्मासमध्ये बर्फ भरून लस आणली आणि डॉक्टरांनी सकाळी सातला येऊन दोन तासांत सगळे उरकले. त्या वर्षी आमच्या वस्तीत मानमोडीने एकही पक्षी गेला नाही.

जे मी एका गल्लीत केले ते खात्याला तालुक्यात करता येईल. गावागावात महिन्यातून एक ठरलेला वार, आदल्या दिवशी ग्रामपंचायतीची दवंडी किंवा मोबाइलवर निरोप, आणि आपापले पक्षी पाटीत घालून देवळासमोर. बाटली वाया जाणार नाही, कोणाला शंभर पक्षी जमवावे लागणार नाहीत. पुण्यात औंधला सरकारची लस तयार करणारी संस्था आहेच. फक्त वार ठरवायचा आहे. आणि आपण, संपादक महोदय, त्या वाराचे वेळापत्रक गावांच्या नावांसह शेतीच्या पानावर छापावे, जसे आपण बाजारभाव छापता.

माझी पुढची बारा पिल्ले महाशिवरात्रीनंतर येतील. ती दोन पोरंही प्रत्येकी दहा घेणार आहेत, कोंबड्यांपासून लांब, गोल कड्यात. त्यांच्या देवीच्या लसीची वेळ चैत्रात येते. तोपर्यंत हे ठरावे.

आपली,
एक वाचक, पळसे, ता. जि. नाशिक